वानखेडे मोठं करायचं, की मुंबईबाहेर जायचं? एक लाख खुर्च्यांच्या स्टेडियमचा विषय नेमका काय आहे

४ जुलै २०२४ ची संध्याकाळ आठवते का? टी-ट्वेंटी वर्ल्ड कप जिंकून आलेली टीम नरिमन पॉइंटवरून उघड्या बसमधून वानखेडेकडे निघाली होती. समोर समुद्र आणि रस्त्यावर त्याच्यापेक्षा मोठा माणसांचा समुद्र. बस मुंगीच्या पावलानं सरकत होती. वानखेडेत प्रवेश फुकट होता, त्यामुळे स्टेडियम कधीच भरलं होतं आणि बाहेर उभ्या असलेल्यांची गणतीच नव्हती. गर्दी पांगल्यावर मरीन ड्राइव्हवर मागं राहिला तो चपलांचा ढीग. रेटारेटीत पायातून निघालेल्या, परत उचलायला वाकणंही शक्य नव्हतं अशा चपलांचा.

दुसऱ्या दिवशी विधान भवनात रोहित शर्मा, सूर्यकुमार यादव, शिवम दुबे आणि यशस्वी जैस्वाल या मुंबईकर खेळाडूंचा सत्कार झाला. तिथं तेव्हाचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस बोलले. सांगण्याचा मथितार्थ असा, की वानखेडे ऐतिहासिक आहेच, पण मुंबईला आता एक लाखापेक्षा जास्त लोक बसतील असं नवं स्टेडियम हवं. त्यानंतर मे २०२५ मध्ये, रोहित शर्मा, अजित वाडेकर आणि शरद पवार यांच्या नावाच्या स्टँडचं उद्घाटन झालं, तेव्हा मुख्यमंत्री म्हणून त्यांनी हाच विषय परत काढला. मुंबई क्रिकेट असोसिएशननं म्हणजे एमसीएनं प्रस्ताव द्यावा, सरकार जागा देईल, असं सांगितलं. एमसीएची स्थापना १९३० ची. म्हणजे २०३० मध्ये शंभर वर्षं भरतायत, त्यामुळे मुहूर्तही तयार आहे.

आता प्रश्न असा, की जुनं घर वाढवायचं की नवं बांधायचं? आणि नवं बांधलं तर कुठं, कुणासाठी? हा वाद मुंबईतल्या दोन-चार पदाधिकाऱ्यांचा वाटतो, पण तसा तो नाहीये. कारण जमीन सरकारची असणार आहे, आणि वानखेडेत बसायची इच्छा फक्त चर्चगेटच्या लोकांना असते असं कुणी सांगितलंय?

वानखेडे उभंच राहिलं तिकिटांच्या भांडणातून

पहिलं हे समजून घेऊ, कारण पुढचं सगळं यावर बेतलेलं आहे.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईतल्या टेस्ट मॅच ब्रेबॉर्न स्टेडियमवर व्हायच्या. हे मैदान क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचं म्हणजे सीसीआयचं, १९३७ मध्ये सुरू झालेलं. मॅच भरवायची जबाबदारी मात्र तेव्हाच्या बॉम्बे क्रिकेट असोसिएशनची. थोडक्यात लग्न एकाचं आणि मंगल कार्यालय दुसऱ्याचं. मग भांडण कशावरून झालं असेल? अर्थातच पाहुण्यांच्या संख्येवरून. असोसिएशनला आपल्या क्लबांसाठी जास्त तिकिटं हवी होती, सीसीआय द्यायला तयार नव्हती. १९७३ च्या इंग्लंडविरुद्धच्या टेस्टनंतर हे प्रकरण फारच ताणलं गेलं. असोसिएशनची सूत्रं होती बॅरिस्टर शेषराव वानखेडे यांच्याकडे, जे त्याच वेळी विधानसभेचे अध्यक्षही होते. सीसीआयचे प्रमुख होते विजय मर्चंट. दोघंही आपल्या जागी ठाम, आणि दोघंही मोठी माणसं.

वानखेड्यांनी ठरवलं, आपलंच स्टेडियम बांधू. आर्किटेक्ट शशी प्रभू यांनी आराखडा केला आणि ब्रेबॉर्नपासून चालत दहा मिनिटांच्या अंतरावर, चर्चगेट आणि मरीन लाइन्स स्टेशनच्या मधल्या जागेत, जेमतेम तेरा महिन्यांत स्टेडियम उभं राहिलं. जानेवारी १९७५ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध पहिली टेस्ट झाली. क्लाइव्ह लॉइडनं नाबाद २४२ धावा ठोकल्या. त्याचं अभिनंदन करायला मैदानात धावलेल्या एका प्रेक्षकाला पोलिसांनी मारलं आणि त्यावरून दंगा झाला. वानखेडेची सुरुवात ही अशी.

आणि ब्रेबॉर्नचं काय झालं? १९७३ नंतर तिथली पुढची टेस्ट झाली थेट डिसेंबर २००९ मध्ये. सेहवागनं श्रीलंकेविरुद्ध २९३ केल्या होत्या ती. म्हणजे खेळ निघून गेला की सुंदर, सुस्थितीतलं, शहराच्या मधोमध असलेलं मैदानही छत्तीस वर्षं टेस्ट क्रिकेटविना राहू शकतं. ‘नवं बांधू, जुनंही ठेवू’ असं कुणी म्हटलं की हे आठवायचं.

मग आहे तेच वाढवत का नाहीत?

सगळ्यात साधा उपाय तोच वाटतो. वर दोन मजले चढवा. गावाकडं आपण तेच करतो, पोराचं लग्न ठरलं की स्लॅबवर खोली.

पण वानखेडेची अडचण नकाशा उघडला की दिसते. स्टेडियमची जागा साधारण ४४ हजार चौरस मीटर, म्हणजे अकरा एकराच्या आत-बाहेर. एका अंगाला पश्चिम रेल्वेचे रूळ, दुसऱ्या अंगाला रस्ते आणि इमारती, पलीकडे समुद्र. मरीन ड्राइव्ह आणि ओव्हल परिसरातल्या इमारतींना २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत जागा मिळालीय, त्यामुळे आसपास काहीही अवाढव्य उभं करायचं म्हटलं की प्रश्न येणारच. आडवं पसरायला जागा नाही आणि उभं वाढवायचं तर लोकांना आत-बाहेर करण्यासाठी जिने, मोकळी जागा, रुंद रस्ते लागतात. ते कुठून आणणार?

गंमत म्हणजे वानखेडेचं एकदा मोठं नूतनीकरण झालंय, २०११ च्या वर्ल्ड कपआधी. नवे स्टँड आले, वर कापडाचं छत आलं. आणि बसण्याची क्षमता? ती कमी झाली! आधी बाकांवर दाटीवाटीनं पंचेचाळीस हजारांच्या घरात माणसं बसायची. प्रत्येकाला स्वतंत्र खुर्ची दिल्यावर आकडा ३३ हजारांवर आला. म्हणजे जुन्या जागी ‘सुधारणा’ करायची तर माणसं कमी होतात. लोकलच्या डब्यात प्रत्येकाला सीट द्यायची ठरवली तर काय होईल, तसंच हे.

अहमदाबादला जुनं मोटेरा पाडून त्याच जागी १ लाख ३२ हजार क्षमतेचं स्टेडियम बांधलं, ते जमलं कारण तिथं जागा साठ एकरांपेक्षा जास्त होती. मुंबईत हा मार्ग बंद आहे.

३३ हजार खुर्च्या, पण तुमच्या-माझ्यासाठी किती?

इथं खरी मेख आहे.

२ एप्रिल २०११. वर्ल्ड कप फायनल, भारत विरुद्ध श्रीलंका. मी तेव्हा सहावीत होतो. घोडेगावात आमच्या घरी इन्व्हर्टर नव्हता, म्हणून लाइट जायच्या भीतीनं हायवेवरच्या एका हॉटेलात मॅच बघायला गेलो होतो. झहीर खाननं सुरुवातीच्या ओव्हर टाकल्या तेव्हा सगळं हॉटेल ‘आपला पोरगा’ म्हणून ओरडत होतं, कारण झहीर श्रीरामपूरचा. आमच्या जिल्ह्याचा. माझा चुलतभाऊ, ज्याला मी दादा म्हणतो, तो तेव्हा कांद्याच्या गाडीवर वाशीला जायचा. त्यानं त्याआधी नगरच्या एका सायबर कॅफेत बसून ऑनलाइन तिकिटासाठी प्रयत्न केला होता. साइट उघडलीच नाही. कॅफेवाल्यानं तासाचे पैसे मात्र घेतले.

दादाला वाटलं आपलं नशीब. नशिबाचा काही संबंध नव्हता. त्या फायनलला सर्वसामान्यांसाठी विक्रीला काढलेली तिकिटं होती फक्त चार हजारांच्या आसपास. बाकीची आयसीसी, बीसीसीआय, प्रायोजक, सरकारी खाती आणि सगळ्यात मोठा वाटा एमसीएशी संलग्न असलेल्या शेकडो क्लबांना. स्टेडियमच्या आवारातच गरवारे क्लब हाऊस आहे, त्याच्या सभासदांच्या जागा वेगळ्या.

हिशोब करा. ३३ हजारांत चार हजार म्हणजे साधारण १२ टक्के. शंभर खुर्च्यांपैकी बारा. १९७३ मध्ये ज्या असोसिएशननं ‘आम्हाला तिकिटं कमी मिळतात’ म्हणून स्वतःचं स्टेडियम बांधलं, तिच्या स्टेडियममध्ये २०११ ला सामान्य माणूस तेच म्हणत होता.

आता एक लाखाचं स्टेडियम बांधलं आणि हेच प्रमाण ठेवलं, तर लोकांच्या वाट्याला बारा हजार येतील. बाकी अठ्ठ्याऐंशी हजार पास. कुणी म्हणेल, कोटा काही तिपटीनं वाढणार नाही, क्लब तेवढेच, मंत्री तेवढेच. म्हणजे वाढलेल्या साठ-सत्तर हजार जागा लोकांनाच मिळतील. तर्क बरोबर आहे. पण आपल्याकडं कोटा जागेप्रमाणे वाढत नाही असं कधी झालंय का? म्हणून मला वाटतं, नव्या स्टेडियमच्या बाजूनं दिला जाणारा सगळ्यात मोठा मुद्दा, म्हणजे जास्त लोकांना मॅच बघता येईल हा, कागदावर लिहून घेतल्याशिवाय मुद्दाच नाही. किती टक्के तिकिटं खुल्या विक्रीला, हे जमिनीच्या करारातच यायला हवं. मॅचच्या आदल्या आठवड्यात जाहीर करायची ती गोष्ट नव्हे.

आमणे कुठं आहे?

नव्या स्टेडियमसाठी ज्या जागेचं नाव सतत येतंय ते आहे आमणे. ठाणे जिल्हा, भिवंडी तालुका. समृद्धी महामार्गाचं मुंबईकडचं टोक. रस्ते विकास महामंडळानं म्हणजे एमएसआरडीसीनं तिथल्या सुमारे ५० एकर जागेसाठी निविदा काढली होती आणि २०२४ मध्ये एमसीएनं त्यात भाग घेतला. ही कल्पना पुढं नेणारे तेव्हाचे अध्यक्ष अमोल काळे यांचं १० जून २०२४ ला न्यूयॉर्कमध्ये, भारत-पाकिस्तान मॅच बघितल्यानंतर निधन झालं. त्यांच्यानंतर अजिंक्य नाईक अध्यक्ष झाले आणि विषय चालू राहिला.

वानखेडेपासून आमणे पासष्ट-सत्तर किलोमीटर. अकरा एकरांच्या जागी पन्नास एकर, ही जमेची बाजू. पण सत्तर किलोमीटर म्हणजे कुलाब्यात किंवा दादरला राहणाऱ्या माणसासाठी ते जवळजवळ गावाला जाणं झालं. त्यामुळे ‘हे मुंबईचं स्टेडियम कसं?’ असा नाराजीचा सूर लगेच निघाला.

इथं मला जरा थांबावंसं वाटतं, कारण मुंबई म्हणजे नेमकं काय, हे या वादात कुणी विचारत नाही. मुंबईचं क्रिकेट दादर, शिवाजी पार्क, हिंदू कॉलनीतून कधीच बाहेर पडलंय. अजिंक्य रहाणे जन्मानं आमच्या जिल्ह्यातला, संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दचा, आणि वाढला डोंबिवलीत. शार्दूल ठाकूर पालघरचा, पृथ्वी शॉ विरारचा. ही पोरं पहाटेची लोकल पकडून, किटबॅग सांभाळत दक्षिण मुंबईच्या मैदानांवर गेली. खेळणारे कल्याण-विरारच्या पट्ट्यातून येतात, बघणारेही मोठ्या संख्येनं तिथेच राहतात. त्यांच्यासाठी आमणे लांब नाही, चर्चगेट लांब आहे.

आणि आमच्यासारख्यांचं? घोडेगावहून मुंबईला जायचं तर नगरला जाऊन पुण्यामार्गे, नाहीतर आळेफाटा-माळशेजमार्गे कल्याणला उतरायचं. तिथून पुढं चर्चगेटपर्यंत जाण्यात माणूस अर्धा होतो. जून २०२५ मध्ये इगतपुरी ते आमणे हा समृद्धीचा शेवटचा टप्पा सुरू झाला आणि ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. शिर्डीपर्यंत जाऊन समृद्धी पकडली की सरळ आमण्याला. नाशिक, छत्रपती संभाजीनगर, जालना, अगदी विदर्भातला माणूसही गाडी काढून मॅच बघायला येऊ शकतो. मी दादाला हे सांगितलं तर तो म्हणाला, “अरे, गाडी लावायला जागा मिळंल तिथं. तिकीट कोण देणारे?”

पण दादाकडे गाडी आहे. ज्याच्याकडे नाही त्याचं काय?

रात्री साडेअकरा वाजता घरी कसं जायचं

वानखेडेची खरी ताकद गवतात नाही, रुळांत आहे. मॅच संपली की पाच-सात मिनिटं चालायचं आणि चर्चगेट. मध्यरात्रीनंतरही बोरिवलीकडं लोकल असते. मरीन लाइन्सही जवळ. आता ऑक्टोबर २०२५ पासून मेट्रो-३ पूर्ण सुरू झालीय, तिचंही चर्चगेट स्टेशन आहे. ३३ हजार माणसं तासाभरात शहरात विरघळून जातात. जगात फार कमी स्टेडियमांना असं भाग्य मिळतं.

आमण्याला एक लाख माणसं रात्री साडेअकराला बाहेर पडली, तर? जवळचं म्हणावं असं रेल्वे स्टेशन चालत जाण्याच्या अंतरावर नाही. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रो-५ चं काम सुरू आहे, पण ती आमण्यापर्यंत आणण्याचं वेगळं नियोजन लागेल. सगळे गाडीनं आले, एका गाडीत चार जण धरले, तरी पंचवीस हजार गाड्या. भिवंडीतल्या गोदामांचे ट्रक त्याच रस्त्यांवर. त्या भागातून दिवसासुद्धा ज्यानं प्रवास केलाय त्याला वेगळं सांगायला नको.

हे हवेतलं बोलणं नाही. महाराष्ट्रात दोन ठिकाणी हा प्रयोग होऊन गेलाय.

पुण्यात महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशन स्वारगेटच्या नेहरू स्टेडियममधून बाहेर पडली आणि एक्स्प्रेसवेलगत गहुंजेला गेली. एप्रिल २०१२ मध्ये तिथलं स्टेडियम सुरू झालं, क्षमता ३७ हजारांच्या वर. दिसायला देखणं. एका बड्या उद्योगसमूहाचं नाव दिलं होतं, पैसे आले नाहीत म्हणून नंतर काढावं लागलं. २०१८ मध्ये चेन्नईच्या टीमनं आपल्या आयपीएल मॅच गहुंजेला आणल्या, तेव्हा पवना धरणाचं पाणी मैदानासाठी वापरायला उच्च न्यायालयानं मनाई केली. आणि ऑक्टोबर २०२४ ची न्यूझीलंडविरुद्धची टेस्ट आठवा. पहिल्याच दिवशी उन्हात बसलेल्या प्रेक्षकांना प्यायला पाणी मिळेना. पाण्याच्या गाड्या ट्रॅफिकमध्ये अडकल्या असं स्पष्टीकरण आलं. लोकांनी आरडाओरडा केला, असोसिएशनला माफी मागावी लागली. बहुतेक स्टँडवर छप्पर नाही, बाहेर उतरून बाटली घ्यावी म्हटलं तर आजूबाजूला दुकान नाही. स्वारगेटला असं झालं असतं तर माणूस रस्ता ओलांडून पाणी पिऊन आला असता. लांब जायचं म्हणजे फक्त प्रवास वाढत नाही, शहर जे गुपचूप पुरवत असतं ते सगळं स्वतः पुरवावं लागतं.

नागपूरचं विदर्भ क्रिकेट असोसिएशन सिव्हिल लाइन्समधून २००८ मध्ये वर्धा रोडवरच्या जामठ्याला गेलं. पहिलीच टेस्ट ऑस्ट्रेलियाविरुद्ध, सौरव गांगुलीची शेवटची. स्टेडियम पंचेचाळीस हजारांचं, पण टेस्टच्या दिवशी बरेच स्टँड रिकामे. वन-डे आणि टी-ट्वेंटीला जामठा भरतं, तेव्हा वर्धा रोडची काय अवस्था होते ते नागपूरकरांना विचारा. सिव्हिल लाइन्सचं जुनं मैदान मात्र विदर्भानं सांभाळलं, तिथं रणजी चालू ठेवलं. हे त्यांचं शहाणपण.

फुटबॉलवाले या वादात आपल्यापेक्षा जुने आहेत

इंग्लंडमध्ये हा विषय प्रत्येक दुसऱ्या शहरात आहे. एव्हर्टन क्लब १८९२ पासून लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर खेळत होता. चाळींच्या मधोमध असलेलं मैदान, वाढवायला जागा नाही. हुबेहूब वानखेडेची गोष्ट. २०२५ मध्ये क्लब गोदीच्या जागेवर बांधलेल्या जवळपास ५३ हजारांच्या स्टेडियममध्ये गेला. शहर तेच, अंतर तीन-चार किलोमीटरचं. गुडिसन पाडायचं ठरलं होतं, ते रद्द करून महिला टीमला दिलं. त्याच शहरातल्या लिव्हरपूल क्लबनं उलट केलं, जुनं अ‍ॅनफिल्डच टप्प्याटप्प्यानं वाढवत ६१ हजारांवर नेलं. मँचेस्टर युनायटेडनं मार्च २०२५ मध्ये जाहीर केलं की ७४ हजारांच्या ओल्ड ट्रॅफर्डच्या शेजारीच एक लाखाचं नवं बांधणार.

सगळ्यात कडू अनुभव वेस्ट हॅमचा. २०१६ मध्ये त्यांनी पूर्व लंडनच्या वस्तीतलं आपलं जुनं मैदान सोडलं आणि ऑलिंपिकसाठी बांधलेल्या आयत्या स्टेडियममध्ये गेले. जागा भरपूर, तिकिटं स्वस्त. पण धावण्याच्या ट्रॅकमुळे प्रेक्षक मैदानापासून लांब बसले आणि जुन्या वस्तीतल्या खानावळी, पब, मॅचच्या दिवशीची वर्दळ सगळं मागं राहिलं. मार्च २०१८ मध्ये चिडलेले चाहते थेट मैदानात उतरले होते.

या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. जे गेले ते त्याच शहरात, रेल्वेच्या पट्ट्यात गेले. सत्तर किलोमीटर कुणी गेलं नाही.

लंडन कशाला, आपल्या मुंबई सिटी एफसीचंच बघा. आयएसएलचे पहिले दोन हंगाम, २०१४ आणि २०१५, हा क्लब नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर खेळला. पन्नास हजारांच्या घरातलं स्टेडियम. २०१६ मध्ये ते अंधेरीला आले, महापालिकेच्या क्रीडा संकुलात, जिथं जेमतेम आठेक हजार माणसं बसतात. मोठ्यातून छोट्यात! पण अंधेरी म्हणजे रेल्वे, मेट्रो, आणि प्रेक्षक खेळाडूच्या शिट्टीच्या अंतरावर. रिकाम्या पन्नास हजारांत खेळण्यापेक्षा भरलेल्या आठ हजारांत खेळणं क्लबला परवडलं.

वर्षातून किती दिवस भरेल?

हा प्रश्न विचारला की सगळे गप्प बसतात. मुंबई इंडियन्सच्या लीगमधल्या घरच्या मॅच सात. त्यात एखाद-दुसरी आंतरराष्ट्रीय मॅच. फार तर दहा-बारा दिवस. उरलेले साडेतीनशे दिवस एक लाख खुर्च्यांवरची धूळ झटकायला माणसं ठेवावी लागतील. मुंबईनं मार्च २०२४ मध्ये वानखेडेवरच ४२ वी रणजी ट्रॉफी जिंकली, तेव्हासुद्धा स्टेडियम ओसंडून वाहत नव्हतं. अहमदाबादला २०२३ च्या वर्ल्ड कपची पहिली मॅच, इंग्लंड-न्यूझीलंड, सुरू झाली तेव्हा टीव्हीवर खेळाडूंपेक्षा रिकाम्या खुर्च्याच जास्त दिसत होत्या.

शिवाय क्रिकेटचा पैसा आता तिकीट खिडकीवर नाही. २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे आयपीएलचे प्रसारण हक्क ४८,३९० कोटींना विकले गेले. त्यापुढं एका मॅचच्या तिकिटांची रक्कम किरकोळ. त्यामुळे एवढा खर्च करून मिळणार काय, तर मोठ्या फायनल. आज वर्ल्ड कपची किंवा आयपीएलची फायनल म्हटलं की अहमदाबादचं नाव आधी येतं, हे मुंबईला टोचतं. ते टोचणं मला समजतं. पण २ नोव्हेंबर २०२५ ला हरमनप्रीत कौरच्या टीमनं दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून वर्ल्ड कप जिंकला, तो मुंबई महानगरातच, नेरूळला. मोठी रात्र मोठ्या आकड्याशिवायही होते.

ती फायनल नेरूळला का आली, हे मात्र विसरून चालणार नाही. ४ जून २०२५ ला बेंगळुरूत चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर विजयोत्सवाच्या गर्दीत चेंगराचेंगरी झाली आणि ११ जण गेले. बहुतेक सगळे तरुण. चौकशी आयोगानं हे स्टेडियम मोठ्या गर्दीच्या कार्यक्रमांना योग्य नाही असं म्हटलं. महिला वर्ल्ड कपच्या तिथल्या मॅच काढून नवी मुंबईला दिल्या गेल्या, आणि कर्नाटक सरकार शहराबाहेर बोम्मसंद्र भागात ८० हजारांच्या स्टेडियमच्या तयारीला लागलं.

चिन्नास्वामी आणि वानखेडे सारखेच. शहराच्या मध्यात, तीस-पस्तीस हजारांचे, चहूबाजूंनी जखडलेले. ४ जुलै २०२४ ला मरीन ड्राइव्हवर चपला राहिल्या आणि माणसं घरी गेली. बेंगळुरूत तसं झालं नाही. एमसीएच्या बाजूनं बोलायचं तर नव्या स्टेडियमसाठी मला पटणारं सगळ्यात भक्कम कारण हेच आहे. मात्र दोन्हीकडं गर्दी मॅचची नव्हती, मिरवणुकीची होती, आणि फुकट प्रवेशाची होती. त्याला उत्तर स्टेडियम लांब नेणं हे आहे, की मिरवणुकीचं नियोजन नीट करणं हे, यावर आधी बोलायला हवं.

आता पुढं काय बघायचं

वानखेडेची जमीनही सरकारचीच, पन्नास वर्षांच्या भाडेकरारावर दिलेली. हा करार २०१८ मध्ये संपला आणि २०१९ मध्ये मुंबई शहर जिल्हाधिकारी कार्यालयानं सुमारे १२० कोटींच्या थकबाकीची नोटीस काढली, तेव्हा ही गोष्ट बाहेर आली. म्हणजे एक सरकारी जमीन हाताशी असताना दुसरी मागितली जातेय. चर्चगेटजवळच्या अकरा एकरांची किंमत काय असेल याचा अंदाज कुणीही करू शकतो. नवं स्टेडियम झालं की जुन्याचं पुढं काय, हा प्रश्न म्हणूनच आत्ता विचारायचा. तिथं रणजी, महिला क्रिकेट, वयोगटांच्या स्पर्धा होतील असं लेखी ठरलं तर वानखेडे नागपूरच्या सिव्हिल लाइन्ससारखं जिवंत राहील. नाही ठरलं तर ब्रेबॉर्नची छत्तीस वर्षं आहेतच.

माझं मत विचाराल तर आमण्याला माझा विरोध नाही, घाईला आहे. आधी रेल्वे किंवा मेट्रो, मग खुर्च्या. आणि एक लाखच का? पन्नास-साठ हजारांचं, छप्पर असलेलं, प्यायचं पाणी असलेलं, तिकिटांचा निम्म्याहून जास्त वाटा खुल्या विक्रीला ठेवणारं स्टेडियम का नको? अहमदाबादपेक्षा मोठं असण्याची गरज क्रिकेटला नाही, ती भाषणांना आहे.

पुढच्या काही महिन्यांत तीन कागद बघण्यासारखे असतील. जमीन एमसीएला नेमकी कोणत्या दरानं आणि कोणत्या अटींवर मिळते तो. आमण्याच्या वाहतुकीचा आराखडा, म्हणजे तो खरंच केला गेला तर. आणि वानखेडेच्या भाडेकराराचा. पहिल्या कागदावर खुल्या तिकिटांचा टक्का लिहिलेला असेल, तर दादाला मी फोन करून सांगणार आहे.